टीव्हीवर अडकलेली बकरी

वाणीच्या घरी सगळे मराठी बोलत, फक्त रमणसमोर नाही. रमण तिचा धाकटा भाऊ, जन्मापासून बहिरा. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत त्यांचं घर. वडील तालुका कचेरीत कारकून होते, आई शेषम्मा घर सांभाळायची. रमण लहान असताना एका डॉक्टरांनी सांगितलं, मुलाला ओठांवरून बोलणं ओळखायला शिकवायचं असेल तर त्याच्यासमोर एकच भाषा बोला. शाळा तमिळ असणार, तेव्हा घरातही तमिळच ठेवा. त्या दिवसापासून रमण खोलीत आला की घर तमिळ व्हायचं. शेषम्माला तमिळ उत्तम यायचं, पण रागावणं आणि लाड करणं ही दोन्ही कामं तिला मराठीतच जमत. मग ती रमणकडे पाठ करून रागवायची आणि त्याच्याकडे वळली की गप्प व्हायची.

एवढं करूनही रमणला ओठ वाचता आले नाहीत ते नाहीतच. वाणी आणि तो हातांनी बोलायचे. आधी घरगुती खुणा, मग रमणला मोठी बहिरी मुलं भेटली आणि त्यांच्याकडून तो खरी खुणांची भाषा शिकला. त्याच्याकडून वाणी शिकली. शाळेत मात्र त्या काळी हात हलवले की फूटपट्टी बसायची. शाळेतून येताना रमण मुठी आवळून यायचा आणि घराच्या पायरीवर पाऊल ठेवलं की उघडायचा. हे वाणीने रोज पाहिलं होतं. ती शिक्षिका झाली, आणि तीही कर्णबधिर मुलांची, याचं दुसरं काही कारण तिला कधी सांगता आलं नाही.

आता वाणी चाळिशी ओलांडलेली. तिरुवैयारुच्या रस्त्यावर एक लहानशी वसतिशाळा आहे, तिथे ती शिकवते. आसपासच्या खेड्यांतली मुलं तिथे राहतात. रमण तंजावरी चित्रांना लाकडी चौकटी करणाऱ्या कारखान्यात काम करतो. त्याचं बरं चाललं आहे. लग्न झालं, एक मुलगी आहे.

गेल्या वर्षी शाळा उघडल्यावर चौथीतल्या साईप्रियाने वाणीला हातांनीच विचारलं, "मी मोठी झाले की मला ऐकू येईल ना?"

"का गं?"

"सगळ्या मोठ्या माणसांना येतं."

मुलीचं म्हणणं खोटं नव्हतं. तिने पाहिलेला प्रत्येक मोठा माणूस ऐकणारा होता. बहिरी होती ती फक्त मुलं. म्हणजे बहिरेपण हे दुधाच्या दातांसारखं, कधीतरी पडून जाणार, असा तिने हिशेब केला होता.

पुढच्या रविवारी वाणी रमणला शाळेत घेऊन आली. मुलं त्याला चिकटली ती सोडेनात. पण कारखान्यातून त्याला रविवारशिवाय सुट्टी नाही, आणि दर रविवारी बायकोमुलीला सोडून येणंही बरं नाही. तेव्हा दोघांनी ठरवलं, गोष्टी चित्रित करायच्या. रमण सांगेल, वाणी मोबाइलवर टिपेल. मुलं संध्याकाळी हव्या तितक्या वेळा बघतील.

पहिली गोष्ट बकरीची. पापनाशमला बसमध्ये एक म्हातारी बकरी घेऊन चढते. कंडक्टर म्हणतो, बकरीचंही तिकीट काढा. बरीच हुज्जत होते, म्हातारी अखेर तिकीट घेते, आणि तेवढ्यात बकरी ते तिकीट खाऊन टाकते. मग तपासनीस चढतो. रमण एकटाच म्हातारी व्हायचा, कंडक्टर व्हायचा, आणि बकरी तर अशी व्हायचा की वाणीचा हात हसून हलायचा आणि पुन्हा टिपावं लागायचं. बकरी तिकीट पळवते ते अगदी पापणी लवावी इतक्या वेळात. कंडक्टरचा हात पुढे, बकरीची मान तिरकी, गपकन. गोष्टीची सगळी मजा त्यात होती.

वाणीने मुद्दामच सगळ्यात स्पष्ट, सेकंदाला सगळ्यात जास्त चित्रं टिपणारी सेटिंग ठेवली होती. खुणांच्या भाषेत एक बोट वाकडं की सरळ यावर शब्द बदलतो. बोटं धुरकट दिसली की शब्द गेला. फाइली भल्या मोठ्या झाल्या. त्या तिने शाळेच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर ठेवल्या.

त्याच सुमारास एका कापड दुकानाच्या मालकांनी शाळेला मोठा टीव्ही दिला. तो सभागृहाच्या भिंतीवर बसला. बसवायला आलेल्या माणसाने वाणीला दाखवून दिलं, कॉम्प्युटर आणि टीव्ही एकाच वायफायवर असले की फाइलींची यादी टीव्हीवर दिसते. नाव निवडा, चित्र सुरू. वाणी खूश झाली. मुलांना ओळीत बसवलं आणि बकरी लावली.

म्हातारी बसमध्ये चढली. कंडक्टरने हात पुढे केला. आणि रमण तसाच थिजला, हात हवेत, तोंड अर्धं उघडं. त्याच्या छातीवर एक पांढरं वर्तुळ फिरू लागलं. ते थांबलं तेव्हा तपासनीस आला होता.

मुलांनी वाणीकडे पाहिलं. तिने मागे नेऊन पुन्हा लावलं. पुन्हा तसंच, फक्त अडकायची जागा वेगळी.

तेव्हापासून वाणीचा छळ सुरू झाला. ऑफिस व्हरांड्याच्या एका टोकाला, सभागृह दुसऱ्या टोकाला, मध्ये जाड भिंती. वायफायचा डबा ऑफिसात. टीव्हीपर्यंत जे काय पोचायचं ते गाळलेल्या ताकासारखं. तिने टीव्ही बसवणाऱ्याला फोन केला.

"क्वालिटी कमी करा मॅडम," तो म्हणाला.

कमी केली. चित्र अडकायचं थांबलं, पण रमणची बोटं एकमेकांत मिसळली. पाच बोटांचा एक गोळा वरखाली हलत होता.

तिने पुन्हा फोन केला. "चित्र येतंय ना?" त्याने विचारलं.

"येतंय, पण बोटं दिसत नाहीत."

"बोटं कशाला बघायचीत मॅडम? गोष्ट दिसते ना?"

वाणीने फोन ठेवला.

पेनड्राइव्हवर फाइल घालायला गेली तर ड्राइव्ह ती घेईना, फाइल फार मोठी म्हणे. तुकडे करून घातली तर टीव्ही म्हणाला, हा प्रकार मला चालत नाही. मग फाइलचा प्रकार बदलायला लावला. तो जुना कॉम्प्युटर सगळी दुपार घरघरत बसला आणि संपत आलं तेव्हा बंद पडला. त्यात फीच्या पावत्या करायच्या राहिल्या म्हणून क्लार्कची बोलणी. कॉम्प्युटर उचलून सभागृहात न्यावा म्हटलं तर त्याला परवानगी नाही. तिचा स्वतःचा मोबाइल थेट टीव्हीला जोडून पाहिला, तोही त्याच वायफायवरून जाणार, त्यानेही तेच वर्तुळ फिरवलं.

टीव्हीच्या मागे वायरचं भोक होतं. वायफायच्या डब्यातून सरळ वायर आणून त्यात खोचली की काम झालं असतं. हे वाणीला लवकरच कळलं होतं. भिंतीतून वायर न्यायची परवानगी मागायला ती मुख्याध्यापिका जयलक्ष्मींकडे गेली.

जयलक्ष्मी वाईट बाई नव्हत्या. शाळा त्यांनी मेहनतीने चालवली होती. पण त्यांच्यापुढे पंधरा ऑगस्टचा समारंभ होता, टीव्ही देणारे पाहुणे येणार होते, भिंती नुकत्याच रंगवल्या होत्या.

"आत्ता भिंतीला हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. "समारंभ होऊ दे."

समारंभात मुलांनी झेंडावंदन केलं, खाऊ खाल्ला, आणि मग जयलक्ष्मींनी पाहुण्यांना सांगितलं की आपल्या टीव्हीवर आता मुलांच्या भाषेतली गोष्ट पाहू. वाणीला त्यांनी आधी विचारलंही नव्हतं. ती उठून काही म्हणणार, तोवर क्लार्कने फाइल लावलीसुद्धा.

चित्र अडकलं, सुटलं, पुन्हा अडकलं. बकरी तिकीट खाते तिथे रमण हात पुढे करून थांबला, वर्तुळ फिरलं, आणि एकदम तपासनीस. साईप्रियाने शेजारच्या मुलाला विचारलं, "काय झालं?" त्याने खांदे उडवले. पुढच्या ओळीतली दोन मुलं पाहुण्यांच्या बुटांकडे बघत बसली. शेवटी रमणने कमरेत वाकून नमस्कार केला, तो मात्र न अडकता आला.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मालक उभे राहिले, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "फार सुंदर," ते म्हणाले. "भाषा कळली नाही, पण भाव पोचला."

वाणीने टाळ्या वाजवणाऱ्यांकडे पाहिलं, मग मुलांकडे. ज्यांना कळायला हवं होतं त्यांनाच कळलं नव्हतं, आणि ज्यांना कळणं शक्य नव्हतं ते भारावून गेले होते.

घरी आल्यावर तिने चपला फेकल्यासारख्या काढल्या.

"कां गे, तोंड असं कां केलीस?" शेषम्माने विचारलं. "कोण काय म्हटलं तुजला?"

"कोणी काही म्हटलं नाही. सगळ्यांनी छान म्हटलं."

"मग?"

वाणीने सांगितलं. शेषम्माने ऐकून घेतलं. "टीव्ही चालेना तर सोड की गे ते. रमणास बोलाव, रसम-भात घालतों, जेवून जाऊन सांगून येईल."

"आई, तो रोज नाही येऊ शकत. आणि रोज का यावं त्याने? ऐकणाऱ्या मुलांना गोष्ट पाहिजे तेव्हा टीव्हीवर मिळते. ह्यांना का नाही?"

शेषम्मा ताट वाढायला उठली.

दुसऱ्या दिवशी वाणी पुन्हा ऑफिसात गेली. जयलक्ष्मींचा चेहरा आनंदी होता. "सगळ्यांना आवडलं, वाणी. आता पुढच्या वर्षी बसही देतो म्हणाले."

"मॅडम, मुलांना गोष्ट कळली नाही."

"थोडं अडकतं, हे मान्य. टीव्ही सगळीकडेच अडकतो. आपल्या घरी नाही का मॅच अडकत?"

वाणीला आदल्या रात्रभर साचलेलं एकदम वर आलं. ती म्हणाली, "मॅडम, मी तुम्हाला... नाही म्हणून... भिंत... मुलं... कधी?"

"काय?"

"मी... तुम्हाला... म्हणून..."

"नीट बोल ना! काय बोलतेस, काही कळत नाही."

"त्यांनाही कळलं नाही. असंच दिसतं त्यांना. मधले शब्द गळलेले. आणि आपण टाळ्या वाजवतो."

जयलक्ष्मींचा चेहरा लाल झाला. "माझ्याशी अशा सुरात बोलायचं नाही," त्या म्हणाल्या. "वर्गावर जा."

वाणी वर्गावर गेली. त्यानंतर कितीतरी दिवस दोघी कामापुरतंच बोलत. सप्टेंबर गेला. अर्ज केला तर तो ट्रस्टींकडे पाठवला म्हणून कळलं. इलेक्ट्रिशियन येतो म्हणाला आणि आला नाही. वाणीने फाइली टीव्हीवर लावणं सोडून दिलं; संध्याकाळी ती आपला मोबाइल मधे धरायची आणि मुलं त्याभोवती डोकी घालून बघायची. मागच्यांना दिसत नसे, मग ढकलाढकली व्हायची, एकदा मोबाइलच पडला आणि काचेला तडा गेला.

तो पडला तेव्हा जयलक्ष्मी दारात उभ्या होत्या. त्यांनी वाणीला बाजूला बोलावलं. आवाजात अजून राग होता.

"वायर टाक," त्या म्हणाल्या. "पण भिंतीला भोक नको. खिडकीतून, कुठूनही ने. आणि समारंभात लोंबकळताना दिसली तर मी काढून टाकीन."

दिवाळीच्या आधीच्या रविवारी रमण हातोडी आणि चौकटीला मारायचे बारीक खिळे घेऊन आला. वाणीने वायरची गुंडाळी आणली होती. ऑफिसच्या झरोक्यातून वायर बाहेर काढली, व्हरांड्याच्या तुळईवरून नेली, सभागृहाच्या खिडकीच्या कोपऱ्यातून आत घेतली. रमण शिडीवर, वाणी खाली वायर ताणून धरून. त्याचे हात कामात, त्यामुळे दोघं सकाळभर काहीच बोलली नाहीत. टोक टीव्हीमागे खोचताना वाणीचा हात नीट पोचेना, नखाखाली धूळ आणि कोळिष्टकं गेली. अखेर टक् झालं.

मुलं बसली. बकरी लागली.

म्हातारी चढली. हुज्जत झाली. कंडक्टरचा हात पुढे, बकरीची मान तिरकी, गपकन. सभागृहात हसण्याचा एकच गोंधळ उठला. त्या मुलांना आपल्या हसण्याचा आवाज माहीत नसतो, त्यामुळे ती हातचं काही न राखता हसतात. पडद्यावरचा रमण पुढे सांगत राहिला, खरा रमण शिडीला टेकून मुलांकडे बघत होता. संपल्यावर मुलांनी पुन्हा लावायला लावलं, मग पुन्हा.

वाणी मागे उभी होती. तिच्या गालांवर पाणी आलं होतं. रमणने दुरून विचारलं, "काय झालं? छान चाललंय."

"छान चाललंय म्हणूनच," तिने हातांनी सांगितलं. "एका वायरसाठी दिवाळी आली. संताप येतोय."

रमण हसला नाही. त्याने मान हलवली, त्याला ते नवीन नव्हतं.

तेवढ्यात साईप्रिया उठून त्याच्यापाशी आली. त्याला शिडीपासून ओढून तिने टीव्हीसमोर उभं केलं आणि पडद्यावरच्या त्याच्या शर्टाकडे बोट दाखवलं.

"रेघांचा शर्ट घालू नका," ती म्हणाली. "हात त्यात हरवतात. पुढच्या गोष्टीला साधा घाला. काळा."

रमणने वाणीकडे पाहिलं. वाणीने पदराने चेहरा पुसला आणि त्याला सांगितलं, "बरोबर म्हणतेय ती. सगळ्या गोष्टी पुन्हा टिपाव्या लागतील."