बनुबाई अबोला शिकल्या

बनुबाईंच्या हातांना फिनेलचा वास यायचा, तरी मुलं त्याच हातांनी भरवलेलं खायची. एम.ए. झाल्यावर नगरच्या सावेडीतल्या ज्या बालवाडीत मी दोन वर्षं शिकवलं, तिथे त्या मावशी होत्या. फरशी पुसायची, मुलांना शू-शीला न्यायचं, डब्यांची घट्ट झाकणं उघडून द्यायची, ही त्यांची कामं. भंडारदऱ्याकडच्या एका वाडीतून त्या नगरला आल्या त्या नवऱ्याच्या आजारपणामुळे. गहिनीनाथमामांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालेली, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. वाडीवरून दवाखाना गाठायला अर्धा दिवस लागे. इथे शाळेच्या मागची पत्र्याची खोली त्यांना कामासोबत मिळाली होती. काम होतं म्हणून खोली होती आणि खोली होती म्हणून मामा होते.

लेकरांना वळण लावायची बनुबाईंच्या घरची रीत एकच. चुकलं की पाठीत धपाटा आणि धपाट्यामागोमाग घास. ज्याने मारलं त्यानेच भरवायचं. मारणारा हात आपल्याला सोडून गेलेला नाही, हे लेकराला तिथल्या तिथे कळलं पाहिजे, असं त्या म्हणायच्या. मला मारणं पटत नाही, तेव्हाही पटत नव्हतं. शाळेत हात उचलायला बंदीच होती आणि ती त्या पाळत होत्या.

शाळेची रीत वेगळी होती. खिडकीपाशी एक निळी खुर्ची ठेवलेली, तिला थिंकिंग चेअर म्हणायचं. शाळा ज्यांची, त्या स्नेहल मॅडमनी ही पद्धत कुठल्याशा प्रशिक्षणातून आणली होती. चुकलेल्या मुलाला तिथे तीन मिनिटं बसवायचं. तेवढा वेळ कुणी त्याच्याशी बोलायचं नाही, त्याच्याकडे बघायचं नाही. मग त्याने ‘सॉरी’ म्हणायचं की झालं. वेळ मोजणारं वाळूचं घड्याळ उलटं करायचं काम माझ्याकडे होतं.

त्या दिवशी ओंकारने, साडेतीन वर्षांच्या पोराने, एका मुलीला घसरगुंडीवरून ढकललं. मी त्याला खुर्चीत बसवलं आणि नियमाप्रमाणे पाठ फिरवली. तेवढ्यात तो उठून धावत सुटला. पाण्याचे जार उतरवायला गेट उघडं होतं. बनुबाईंनी हातातला पोछा टाकला आणि रस्त्यावर पाऊल पडायच्या आत त्याला दंडाला धरून मागे ओढलं. समोरून एक टेम्पो गेला. मग त्यांनी त्याच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला, त्याला उचललं आणि मागच्या ओट्यावर नेऊन स्वतःच्या फडक्यातली गूळपोळी भरवली. तो त्यांच्या खांद्यावरच झोपला.

शाळेतले कॅमेरे पालकांना मोबाईलवर दिसत. गेटावर कॅमेरा होता, मागच्या ओट्यावर नव्हता. ओंकारच्या वडिलांनी ऑफिसात बसून धपाटा पाहिला.

संध्याकाळी त्याचे आईवडील दोघंही आले. त्यांनी आरडाओरडा केला नाही. आई एवढंच म्हणाली की आम्ही त्याच्यावर आजवर हात उगारलेला नाही. बनुबाईंनी काहीच नाकारलं नाही. मारलं, टेम्पो आला होता, परत पळाला तर परत मारीन, असं त्यांनी सरळ सांगून टाकलं. माफी मागायची ती वेळ होती, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. मुलाला खुर्चीत बसवून पाठ फिरवणारी मी तिथेच उभी होते. मला कुणी काही विचारलं नाही आणि मीही होऊन काही सांगितलं नाही.

पालक गेल्यावर स्नेहल मॅडमनी कागद टाईप केला. पुन्हा हात उचलणार नाही, हे पहिलं कलम. खुर्चीत बसवलेल्या मुलाशी बोलणार नाही, त्याला उचलणार नाही, हे दुसरं. सही केली तर काम राहील, नाहीतर महिनाअखेर खोली रिकामी करायची. पहिलं कलम बनुबाईंनी लगेच मानलं. दुसरं त्यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

“मंग ते रडलं तर?”

“रडू द्यायचं,” मॅडम म्हणाल्या. “लक्ष दिलं की मुलं सोकावतात, बनुबाई.”

“मॅडम, असा अबोला आमच्यात भांडलेल्या भावकीसंगं धरत्यात. ज्याचं तोंड बघायचं न्हाई त्याच्यासंगं. लेकरासंगं न्हाई धरत.”

मॅडम समजूतदारपणे हसल्या आणि म्हणाल्या, हळूहळू सवय होईल. मागच्या खोलीतून मामांच्या खोकल्याचा आवाज येत होता. बनुबाईंनी पेन घेतलं आणि सावकाश एकेक अक्षर काढत सही केली.

पुढच्याच आठवड्यात ओंकार पुन्हा खुर्चीत होता. “बनुमावशी,” तो हाका मारत होता, “बनुमावशी, मी इकडे आहे.” त्याला वाटलं असावं, मावशींना आपण दिसलोच नाही. बनुबाई एकच फरशी पुन्हा पुन्हा पुसत राहिल्या. त्यानंतरच्या वेळी तो थोडा कमी रडला. मग एकदा आपणहून खुर्चीत जाऊन बसला आणि कुणाकडे न बघता तीन मिनिटं खिडकीबाहेर पाहत राहिला. मॅडमनी त्याच्या हातावर चांदणी चिकटवली. पालकसभेत त्याच्या आईने बनुबाईंचे आवर्जून आभार मानले. आता मूल किती शांत झालंय, म्हणाली.

दिवाळीच्या सुट्टीत बनुबाईंची लेक रेश्मा माहेरपणाला आली. माहेर म्हणजे ती पत्र्याची खोली. सोबत चार वर्षांची ज्ञानेश्वरी. मी रजिस्टरं पुरी करायला शाळेत गेले होते आणि चहाला म्हणून बनुबाईंनी मला मागे बोलावलं. पोरगी जेवायला बसली होती. कशावरून तरी रुसली आणि भाताची ताटली लाथाडली. रेश्मा आईकडे बघून हसली. आता बसणार धपाटा, असं ते हसणं होतं.

बनुबाई काही बोलल्या नाहीत. सांडलेला भात त्यांनी गोळा केला आणि पोरीकडे पाठ करून भांडी घासायला बसल्या. पोरीने आधी ‘आज्जे’ म्हणून हाक मारली. मग पदर ओढला. मग समोर जाऊन तोंडाजवळ तोंड नेऊन बघितलं. बनुबाईंनी मान दुसरीकडे वळवली. तेव्हा पोरगी घाबरून रडायला लागली.

“आये, बोल की तिच्यासंगं,” रेश्मा म्हणाली. “मार पायजे तर. पन बोल.”

“रडू दे,” बनुबाई म्हणाल्या. “हुतीया गप.”

आणि ती झाली गप. बापाशेजारी बसलेल्या रेश्माचा चेहरा उतरला होता.

भाऊबीजेपर्यंत राहायचं ठरलेलं असताना ती आदल्या दिवशी सकाळीच पोरीला घेऊन निघाली. फाटकापाशी मी भेटले तेव्हा तिने हळूच विचारलं, “ताई, आमचं काय चुकलं असंल ओ?” मी तिला खुर्चीचं, कागदाचं, सगळं सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं.

“ते शाळेतलं झालं,” ती म्हणाली. “आमी तर घरचे हाय.”

ज्ञानेश्वरी तिच्या कडेवर होती. खोलीच्या दारात बनुबाई उभ्या होत्या, हातात पोळीचा तुकडा होता. पोरीने त्यांच्याकडे बघितलं नाही.