मास्तरांच्या पोटाचा आवाज

मास्तरांनी शिवलेल्या पँटला पट्टा लागत नाही, अशी त्यांची ख्याती होती. कंबर बसवावी तर त्यांनीच. आणि दुखणं आलं ते नेमकं तिथेच. मोठ्या आतड्यात जखमा होऊन ते कामातून गेलं. डॉक्टरांनी ते काढून टाकलं आणि लहान आतड्याचं टोक पोटावर, बेंबीच्या उजवीकडे, बाहेर आणून शिवलं. त्यावर मळ गोळा व्हायला पिशवी लावली. बायकोशिवाय कुणाला पत्ता नव्हता. दुकानात हर्नियाचं ऑपरेशन झालं म्हणून सांगितलं आणि मास्तर शर्ट बाहेर सोडायला लागले.

पिशवी रिकामी करणं अंगवळणी पडलं, पण आवाजाचं काही करता येईना. त्या टोकाला आवळून धरणारा स्नायूच नसतो; वारा सुटला की सुटला. गिऱ्हाइकाचं माप घ्यायला वाकावं आणि पोटानं गुरगुरावं. मास्तरांनी मनाशी ठरवलं, आत काही गेलंच नाही तर बाहेर काय येणार? दिवसाचं खाणं बंद झालं, पाणीही नावापुरतं.

दुकानात काजं-बटणं करायला एक मावशी होत्या, दुकान उघडल्यापासूनच्या. एका दुपारी त्या कोपऱ्यात डबा उघडून बसल्या होत्या आणि एक जुनं गिऱ्हाईक पँट घालून बघत होतं. तेवढ्यात मास्तरांच्या पिशवीची कड सुटली. गिऱ्हाइकानं नाक मुरडून इकडेतिकडे पाहिलं. मास्तर झटकन बोलून गेले, "मावशी, जेवायला बाहेर बसत जा हो. काय वास सुटलाय."

मावशींनी डब्याला झाकण लावलं. दुसऱ्या दिवसापासून त्या दुकानाबाहेरच्या पायरीवर जेवू लागल्या. मास्तरांना त्यांच्या पाठमोऱ्या खांद्यांकडे बघवेना आणि खरं सांगायला तोंडही उघडेना.

पुढच्याच आठवड्यात मास्तर कापड बेतता बेतता कोसळले. शेजाऱ्याच्या मदतीनं मावशींनीच त्यांना दवाखान्यात नेलं. सिस्टरनी शर्ट वर केला तेव्हा मावशी तिथेच उभ्या होत्या.

सलाईन लावता लावता सिस्टरनी खडसावलं. माणूस जेवो न जेवो, लाळ, जठरातलं आम्ल, पित्त, स्वादुपिंडाचा रस, सगळं आतड्यात उतरतच असतं. लहान आतडं अन्नातलं सत्त्व आणि बरंचसं पाणी शोषतं. राहिलेलं पाणी आणि मीठ परत ओढून घेणं हे मोठ्या आतड्याचं काम, आणि यांच्याकडे तेच नाही. म्हणजे मास्तर उपाशी राहून नुसते सुकत चालले होते.

"आणि काका, रिकाम्या आतड्यात वारा जास्त फिरतो," सिस्टर म्हणाल्या. "जेवला असतात तर एवढं वाजलं नसतं."

सिस्टर गेल्यावर मास्तर भिंतीकडे बघत म्हणाले, "त्या दिवशीचा वास माझा होता."

"कळलं ते," मावशी म्हणाल्या. "पोटाचं मला काही वाटत नाही. पण सुनेनं पहाटे उठून केलेल्या डब्याला तुम्ही परक्या माणसासमोर नाव ठेवलंत."

मास्तरांनी माफी मागितली. मावशी सलाईनचे थेंब बघत राहिल्या.

मास्तर कामावर परतले तरी मावशी पायरीवरच जेवत. आत बसा म्हटलं तर म्हणत, तिथे वारा बरा येतो. मग एक दिवस तेच गिऱ्हाईक आलं. मास्तर टेप घेऊन वाकले आणि पोट वाजलं. हेही मावशींचंच असणार, अशा समजुतीनं गिऱ्हाइकानं हसून त्यांच्याकडे पाहिलं. मास्तर टेप धरून तसेच थांबले.

"माझं पोट आहे ते," ते खालमानेनं म्हणाले. "आतड्याचं ऑपरेशन झालंय, पिशवी लावलीय. मागच्या वेळचा वासही माझाच होता. मावशींच्या डब्याला मी उगाच बोल लावला."

गिऱ्हाईक "असू दे, असू दे" म्हणत लांबीचं माप न देताच निघून गेलं. मावशींचं काज चालूच होतं.

त्या दिवशीही त्या पायरीवरच जेवल्या. परत आल्यावर मात्र त्यांनी विचारलं, "तुम्ही जेवलात का?"

मास्तर नाही म्हणाले. मग त्यांनी आपला डबा काढला आणि मावशींसमोरच खायला बसले. शेवटचा घास उतरेपर्यंत त्यांची मान काही वर झाली नाही.