भेटायला येणाऱ्यांचा चहा

माझी धाकटी जाऊ रोहण्याला सासूबाईंजवळ राहते. मी आर्वीत एका शाळेच्या कार्यालयात नोकरी करते आणि रविवारी गावाला जाते. मागच्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर तिची गावातल्याच अंगणवाडीत सेविका म्हणून निवड झाली. बारावी होऊन लग्न झालेली बाई, पहिल्यांदाच तिला स्वतःचं काही मिळत होतं. फक्त दिवाळीनंतर रोज आर्वीला येऊन प्रशिक्षण पूर्ण करायचं होतं. ते नाही केलं तर जागा यादीतल्या पुढच्या बाईला जाणार.

आणि नेमकं तेव्हाच तिला एसटीत बसणं जमेनासं झालं.

दिवाळीच्या बाजाराला येताना भरलेल्या बसमध्ये तिचा श्वास अडकला, हातपाय गार पडले, छाती धडधडायला लागली. दिराने तिला मधेच उतरवून घरी नेलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या मोटारसायकलवर ती आर्वीला आली आणि मी तिला दवाखान्यात घेऊन गेले. छातीची ईसीजीची पट्टी काढली, रक्त तपासलं. सगळं चांगलं निघालं. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावून सांगितलं: धडधड खरी आहे, पण हृदयाची नाही, काळजीची आहे. वेळेवर झोपा, रोज चाला, चहा कमी करा, आणि उतार पडला नाही तर परत या. आम्ही दोघींनी मान हलवली. चहाचं वाक्य कोणी मनावर घेतलं नाही. आमच्याकडे चहा खाण्यापिण्यात धरतच नाहीत.

पुढच्या रविवारी गेले तर तिची तब्येत आणखी बिघडलेली. डोळ्यांखाली काळं, हात थरथरताहेत. सासूबाईंनी तिची वावरातली कामं बंद केली होती, विहिरीवर जाणं बंद, दळण बंद. "आराम कर म्हटलं तिले," त्या म्हणाल्या. "पण उलटं वाढूनच राह्यलं बाप्पा." त्यांनी मीठ-मोहरी उतरवून पाहिली होती. त्यांची माया खोटी नव्हती, रात्री तिच्या उशाशी बसायच्या त्या.

मी दिवसभर राहिले म्हणून मला कळलं. सकाळपासून बायका भेटायला येत होत्या. आमच्या गावात कोणी आजारी पडलं की भेटायला जायचंच, नाही गेलं तर मागून ऐकून घ्यावं लागतं. आणि आलेल्या माणसाला चहा हवाच. घरात चहा करणारी धाकटी सून, म्हणजे आजारीही तीच आणि चहा करणारीही तीच. तिने कप पुढे केला की पाहुणी म्हणायची, "तुहा कुठाय? तू घेतल्याबिगर मी घेत नाई." मग ती घ्यायची. कडक, गुळचट, वाफाळलेला. पाहुणीचा चहा संपेपर्यंत गोष्टही व्हायची.

"माह्या नणदेच्या जावेले असंच होये. बसल्या बसल्या गेली बिचारी."

"गेली?" जाऊने विचारलं.

"गेली नं. पण तू कायले भेतं? तुह्यं तसं नाई."

पाहुणी जाते न जाते तोच फाटक वाजायचं आणि पुन्हा पातेलं चुलीवर. दुपारी मोरीत उष्ट्या कपांचा ढीग पाहून मी सासूबाईंना म्हटलं, "हिला बाकी काही झालेलं नाही, तुम्ही हिला चहात बुडवून राह्यल्या."

"मंग काय आल्यागेल्याले कोरडं धाडू? लोक काय म्हणतीन?"

"ताक द्या."

"ताक! भेटायले आलेल्या माणसाले ताक!"

त्या तणतणत उष्टे कप घासायला बसल्या. शेवटी तोडगा निघाला तो असा की चहा सासूबाईंनी करायचा, आणि पाहुण्या यायच्या वेळेला जाऊ घरात नसायचीच. वावरात कापूस फुटला होता, वेचायला बायका लावलेल्या होत्या. मी तिला म्हटलं, चल.

"लोक म्हणतीन, बिमार सुनेले वावरात धाडलं."

"म्हणू दे. उठ."

मी असंच बोलते. तिला माहीत आहे, म्हणून तिने वाईट वाटून घेतलं नाही, ओटी बांधली. वेचणाऱ्या बायकांनी तिला पाहताच सुरुवात केली. "या राणीसाहेब! आज इकडं कुठं वाट चुकली?" दुसरी म्हणाली, "बिमार हाये म्हणते, हिची ओटी तं माह्याहून लवकर भरून राह्यली." जाऊ हसली. कितीतरी दिवसांनी हसली असावी, कारण हसल्यावर स्वतःच दचकली. दोन हातांनी बोंड मोकळं करायचं, ओटीत टाकायचं, पुढच्या झाडाला जायचं. मरणाच्या गोष्टी सांगायला तिथे कोणाला फुरसत नव्हती. बायका भांडत होत्या, पण ते ओळ कोणी कोणती घ्यायची यावरून.

चहा सोडल्यावर पहिले दोन दिवस तिचं डोकं इतकं दुखलं की तिने मला फोन केला, "बाई, हे तं आणखी वाईट झालं." मी सांगितलं, उतरेल, सकाळचा एक कप घे, बाकीचा नाही. उतरलं. झोप लागायला लागली. धडधड मात्र अधूनमधून येतच होती. तेव्हा काय करायचं तेही मी तिला सांगितलं: चूल फुंकणीने फुंकतेस तसा श्वास सोड. सावकाश, लांब, निखाऱ्याची राख उडणार नाही इतका हळू. डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या शब्दांत हेच सांगितलं होतं, पण मोजून श्वास घ्यायला गेली की ती आणखी घाबरायची. फुंकणी तिला माहीत होती.

राहिली एसटी, कारण कापसाच्या दिवसांत दिराला तिला रोज मोटारसायकलवर सोडणं जमणार नव्हतं. पुढच्या रविवारी मी तिला बसमध्ये बसवून पुढच्याच थांब्यावर उतरवलं. दोघी चालत परत आलो. कंडक्टर म्हणाला, "इतकुसंच जायचं होतं तं चालत काऊन नाई गेल्या?" मी म्हटलं, "येताना चालतच येणार आहोत." त्यानंतर आठवडाभर ती एकटी तसंच करत राहिली, कधी एक थांबा, कधी दोन. सासूबाई दारात उभ्या राहून वाट पाहायच्या आणि लोकांना सांगायच्या की सून कामानं गेली आहे.

प्रशिक्षण सोमवारी सुरू होणार होतं. मी तिला म्हटलं, सकाळच्या गाडीने ये, मी डेपोत उभी राहीन. त्या दिवशी मी शाळेत उशिरा येणार असं सांगून ठेवलं आणि गाडीच्या बऱ्याच आधी जाऊन उभी राहिले. गाडी लागली. शाळेची पोरं उतरली, दुधाचे कॅन उतरले, डबे घेतलेले लोक उतरले. ती नव्हती. कंडक्टरला विचारलं तर म्हणाला, "आपल्या रोहण्याच्या बाई का? त्या मधातच उतरल्या. जीव घाबरून राह्यला म्हणे."

फोन लागत नव्हता. मी बाकावर बसले. तिच्यावर राग नव्हता मला. एवढं केलं तेही थोडं नाही, असंच वाटत होतं. प्रशिक्षणाच्या कार्यालयात कोणाला भेटून एक दिवसाची सवलत मागता येईल का, एवढा विचार करत होते. सासूबाईंना काय सांगायचं, हेही ठरवत होते.

पुढची गाडी आली ती खचाखच. दारातल्या गर्दीतून ती उतरली, केस विस्कटलेले, पदर खांद्यावरून घसरलेला. बसायला जागा मिळाली नव्हती, उभ्याने आली होती.

"उतरली होती वाटेत," तिने धापा टाकत सांगितलं. "पारावर बसली. मंग वाटलं, घरी जायचं तरी गाडीच पाह्यजे, आर्वीले जायचं तरी गाडीच पाह्यजे. पयले आर्वीची आली. चढली."

"धडधडलं?"

"अख्ख्या रस्त्यानं. आताबी धडधडूनच राह्यलं."

आम्ही भराभर चालत प्रशिक्षणाच्या ठिकाणी गेलो. तिला उशीर झाला होता. दारातल्या बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या, पण आत घेतलं. मी वळले तशी तिने मला हाक मारली.

"बाई, रागाऊ नोका. उद्या तुम्ही डेपोत येऊ नोका."

"का?"

"तुम्ही उभ्या राहून वाट पाहून राह्यल्या, हेच माह्या डोक्यात राहते. मी नाई आली तं तुम्हाले काय वाटीन. त्यानंच जास्त होते."

मी बरं म्हटलं. खरं सांगायचं तर थोडं लागलं, पण तिचं बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी मी गेले नाही. गाडी यायच्या वेळेला घरातल्या धुतलेल्या चादरी पुन्हा धुवायला काढल्या आणि त्या पिळत राहिले. दुपारी प्रशिक्षणाच्या मधल्या सुट्टीत तिचा फोन आला. जेवणाच्या डब्यात लोणचं सांडल्याचं सांगत होती.