दादा आणि गोडं पाणी

दादा गेल्याचा फोन शेजाऱ्यांकडे आला, तेव्हा मी सालवडच्या घरात तांदूळ निवडत बसले होते. रडू आलंच. पण त्याच्याही आधी, एक क्षणभर, छाती हलकी झाली. आता सांगणारं कोणी उरलं नाही, असं मनात आलं. सख्खा भाऊ गेला आणि बहिणीला सुटल्यासारखं वाटलं... हे आज पहिल्यांदा लिहिते आहे. त्याला महिना होऊन गेला. गावात जो भेटेल तो म्हणतो, “शेवंता, तुजा काय जीव होता गं भावावर.” ते आता ऐकवत नाही.

आमचं मूळ घर तारापूरकडच्या कोळीवाड्यातलं. वडील लवकर गेले, मला दादानंच वाढवलं. ते साल सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर असावं. थंडीचे दिवस होते, बोटीचं मशीन दुरुस्तीला टाकलेलं, म्हणून दादा कधी नव्हे तो घरी. त्याच्या मनात आलं, वैतरणेचं धरण बघायचं. वहिनी म्हणाली, “दर्या काय कमी पडला तुमाला, आनखी पानी बगायला जायचं ते?” दादा म्हणाला, “दर्या रोज डोळ्यासमोर हाय. डोंगरातलं पानी पोरीला दाखवू.” पोरगी म्हणजे मंगल, त्याची लेक, तेव्हा पाच-सहा वर्षांची. मासळीचा टेम्पो धुऊन काढला, तरी वास काही गेला नाही. तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी बांधून आम्ही चौघं निघालो. मनोर, विक्रमगड, मग जव्हारच्या पुढं ती वळणं. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. वादळात हसणारा दादा स्टेअरिंगला चिकटून बसला होता. मी बसायच्या फळीची कड घट्ट धरलेली बघून म्हणाला, “एवढी आवळू नको, शेवंते. टेम्पो हाय, नवरा नाय.” वहिनी डोळे मिटूनच हसली. त्या रानात मैलोन् मैल माणूस दिसलं नाही. मला सारखं वाटत होतं, इथं काही झालं तर हाक कुणाला मारायची?

आणि मग खोडाळ्याच्या पुढं ते पाणी दिसलं. डोंगरांच्या मधोमध पसरलेलं, आणि इतकं गप्प... ना लाट, ना आवाज. आमच्याकडे मोसमात पहिल्यांदा दर्यात उतरताना पाणी कपाळाला लावतात. वहिनीनं आठवण करून दिली तर दादा म्हणाला, “याला कसला नमस्कार? निजलंय ते.” टेम्पोची जादा ट्यूब फुगवून मंगलला तिच्यात बसवलं आणि ती ढकलत मी आत निघाले. आमच्या किनाऱ्याला चालत चालत किती आत गेलं तरी पाणी कमरेएवढंच. पाणी म्हणजे असंच, हे आमच्या पायांनाच माहीत. त्या तलावाखाली बुडालेली शेतं आहेत, बांध आहेत, हे कुणाच्या डोक्यात येणार? एक पाऊल जमिनीवर होतं, पुढचं कशावरच नव्हतं. ट्यूब कलंडली. मंगल पाण्यात गेली, आणि मी ओरडले ते फक्त “दादा!”

तो आला. मंगलला केसांना धरून वर काढली, काठाकडे ढकलली, कमरेएवढ्या पाण्यात उभ्या वहिनीच्या हातात दिली. मग माझ्यासाठी परत फिरला. पण जन्मभर खाऱ्या पाण्यात पोहलेला माणूस तो. खारं पाणी अंगाला वर धरतं. हे गोडं पाणी धरेना. वर थंडीचा गारठा. माझ्यापर्यंत पोचला तेव्हा त्याचा दम संपला होता. त्यानं ट्यूबवर हात टाकला. ट्यूब खाली गेली, माझं तोंड पाण्यात गेलं... आणि मी त्याला लाथ मारली. नकळत नाही. त्याचा चेहरा मला दिसत होता. टाच त्याच्या डाव्या खांद्यावर बसली आणि तो खाली गेला. वर फक्त हात राहिला, मग तोही नाही. मी ट्यूब सोडली नाही.

किती वेळ गेला, सांगता येत नाही. तो काठाजवळ वर आला, खोकत, गुडघ्यांवर. मागोमाग मीही ट्यूबसकट काठाला लागले. वहिनी रडत विचारत होती, काय झालं, काय झालं. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, “माजा हात निसटला.”

त्यानंतरची सगळी वर्षं मी त्या वाक्याला घाबरून काढली. आज ना उद्या तो खरं बोलणार. भाऊबीजेला ताट हातात घेतलं की निरांजन थरथरायचं. “वारा हाय,” तो म्हणायचा. दारं बंद असायची. त्याच्या माझ्यात कधी भांडण झालं नाही, कारण मी होऊच दिलं नाही. रागाच्या भरात त्याच्या तोंडून ते निघेल, ही भीती. लोकांना तो माझा लळा वाटला.

दिवसकार्य झाल्यावर दादाच्या घरी मागच्या खोलीत मंगलला सगळं सांगितलं. आता ती दोन लेकरांची आई. ती म्हणाली, “आत्या, मला ठाऊक हाय. बाबा बोलायचे, तिनं खाली ढकललं म्हनून बांधाला पाय लागला. त्याच्यावरून चालत वर आलो. नायतर मधेच लटकलो असतो.”

हे खरं होतं, की लेकीच्या मनात माझ्याबद्दल काही राहू नये म्हणून त्यानं रचलं होतं? आता कुणाला विचारू... वहिनी, हे तू वाचशील. मग तुझ्यासमोर यायची नवी भीती आहे, पण ती माझी मी भोगेन.

त्या खोलीत खिडकीच्या फळीवर एक तेलाची बाटली होती, अर्धी. मंगल म्हणाली, रोज संध्याकाळी दिवे लागले की बाबा इथं बसून डाव्या खांद्याला तेल चोळायचे, थंडीत जास्तच. “आईला सांगायचे, जाळी ओढून दुखतो.” मग तिनं विचारलं, टाकून देऊ का?

“राहू दे,” मी म्हटलं.