मोटारीला करडईचं तेल

घाटनांदूरच्या मोहनराव देशमुखांना अक्कल यायच्या आधी जमीन आली, आणि जमीन आल्यावर अकलेची गरजच उरली नाही, असं त्यांची बायको मुक्ताबाई म्हणायची. मनात नव्हे, बायकांच्या घोळक्यात, पापड लाटता लाटता. देशमुखांकडं गोषा कडक. बाईमाणसानं रस्त्यावर पाय टाकायचा नाही, जायचं तर पडदा लावलेल्या बैलांच्या दमणीतून. मुक्ताबाई लहानपणीच लग्न होऊन युसूफ वडगावाहून इथं आली, तेव्हापासून गावचा बाजार तिनं पडद्याच्या फटीतूनच पाहिला. जीभ तेवढी तिची गोषात बसली नाही.

गावात रेल्वे आली आणि मोहनरावांच्या डोक्यात मोटार शिरली. हैदराबादेच्या सौदागरानं मोटार आगगाडीनं पाठवली, सोबत समजावून द्यायला माणूसही दिला. साध्या मोटारीचं एक चाक चिखलात गरगरायला लागलं की सगळा जोर त्याच्यातच वाया जातो, दुसरं चाक नुसतं बघत राहतं. या मोटारीच्या मागच्या दोन चाकांमधल्या गेअरच्या पेटीत मात्र अशी करामत होती, की फसलेलं चाक मोकाट सुटत नसे आणि जोर दुसऱ्या चाकालाही मिळे.

"काली मिट्टी के वास्ते बनेली है, सरकार," तो माणूस म्हणाला, आणि एक डबा पुढं ठेवला. "मगर इस पेटी में येच तेल डालना. दूसरा नक्को."

दाराआडून मुक्ताबाईनं सगळं ऐकलं. फसलेल्याला मोकाट सुटू न देणारी काहीतरी चीज अखेर घरात आली म्हणायची, असं तिला वाटलं.

माणूस गेला आणि मोहनरावांनी डबा उघडला. आत काळंकुट्ट, दाट तेल, आणि वास असा की ओसरीवरची माणसं नाकाला धोतराचा सोगा लावून मागं सरली. कारभारी आश्रुबाला मालकाच्या शिंकेतही राग-रागिणी ऐकू यायची. तो लगेच म्हणाला, "मालक, चरबी हाय ह्यात. कशाची, कुनाला ठावं!"

डबा उकिरड्यावर गेला. मग कोणतं तेल घालायचं, यावर ओसरीवर मसलत बसली. मोटारीच्या खाली कधी वाकूनही न बघितलेली माणसं तिच्या पोटातलं सांगू लागली. एक म्हणाला लोणी घाला, थंड असतं. दुसऱ्यानं एरंडेल सुचवलं. ड्रायव्हर उत्तरेश्वरला विचारलं, तर मोटारीपेक्षा तिचा आरसाच जास्त पुसणाऱ्या त्या गड्यानं मालकाच्या तोंडाकडं पाहिलं आणि म्हणाला, "मालक म्हनतील ते."

"एरंडेल कुळांच्या बैलगाड्यांना," मोहनराव म्हणाले. "देशमुखाच्या मोटारीला आपल्या घाण्याचं करडईचं तेल. पहिल्या धारेचं!"

वाहवा झाली. करडईचं तेल कढईच्या काठाला वाळलं की लाखेसारखं घट्ट बसतं, राखेनं घासूनही निघत नाही, हे त्या गावातल्या कोणत्याही बाईला ठाऊक होतं. मुक्ताबाईलाही होतं. पण ती बोलली नाही. बोलून उपयोग नव्हता हे खरं, पण त्याहून खरं हे, की पुढं काय होतंय ते तिला बघायचं होतं.

उन्हाळाभर मोटार दारात हार घालून उभी राहिली. येणाऱ्या-जाणाऱ्याला मोहनराव तिचा भोंगा वाजवून दाखवत. मग मुक्ताबाईच्या भावाचा, बबनरावांचा, सांगावा आला. त्यांच्या मुलाचा साखरपुडा होता.

"दमणी जुंपा," मुक्ताबाई म्हणाली.

"दारात मोटार असून दमणी? येडी का खुळी?"

मोटारीला पडदे लागले. आत मुक्ताबाई, पुढं उत्तरेश्वरच्या शेजारी मोहनराव, मागच्या फळीवर आश्रुबा. सरळ रस्त्याला मोटार नीट चालली. पण वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं, आणि हिची मागची दोन्ही चाकं एकमेकांना जखडल्यासारखी फिरत होती; त्यामुळं वळण आलं की ती कण्हायची आणि आडमुठ्या रेड्यासारखी सरळच ओढ घ्यायची.

"नवी हाय. लाजतीया," आश्रुबा म्हणाला.

युसूफ वडगावच्या शिवेला ओढ्याशी रस्ता डावीकडं वळतो. आदल्या दिवशी वळीव पडून तिथं राड झाली होती. उत्तरेश्वरनं हातातलं चाक डावीकडं फिरवलं, मोटार मात्र सरळ ओढ्याच्या काठच्या काळ्या चिखलात जाऊन बसली. त्यानं जोर दिला तसं खाली काहीतरी कडकन मोडलं, आणि मग एकही चाक फिरेना.

बाजाराचा दिवस होता. माणसं जमली. शहादेव नावाचा शेतकरी आपली बैलजोडी सोडून पुढं आला. "देशमुख, बैल लावू का?"

"बैल? माज्या मोटारीला?" मोहनरावांनी फेटा सरळ केला आणि समोर बघत बसून राहिले. जणू चिखलच लाजून बाजूला होणार होता.

पडद्याआड मुक्ताबाईच्या अंगाची काहिली होत होती. माहेरचं घर बाजाराच्या पलीकडं, हाकेच्या अंतरावर. बाहेर लोक हसत होते, मागच्या फळीवर आश्रुबाचं चाललं होतं, "मोटार दम खातीया, मालक." असल्या माणसांची अब्रू राखायला आपण जन्मभर पडद्यात बसलो! तिनं पडदा बाजूला सारला आणि घोटाभर चिखलात पाय टाकला.

"मुक्ते! गोषा!" मोहनराव ओरडले.

"मोटारीला घाला गोषा," ती म्हणाली. "लाजायची पाळी तिची हाय."

आणि ती चालू लागली. गर्दी आपोआप दुभंगली. वांग्यांचे ढीग दिसले, मिरच्यांचा ठसका लागला. पायातली ताकद कुठं दडली होती कोण जाणे. बांगड्या विकणारी म्हातारी छबुबाई उन्हाला हात आडवा धरून बघत म्हणाली, "बबनरावाची भैन न्हवं तू? किती मोठी झालीस गं!" मुक्ताबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ती थांबली, आणि सगळ्या बाजारादेखत तिथंच बसून तिनं बांगड्या भरल्या.

मोहनराव दिवस कलताना आले. शहादेवचे बैल मोटार ओढत होते आणि हे आत बसून भोंगा वाजवत होते. पुढं पेटी उघडली तेव्हा आत मधाच्या पोळ्यासारखा पिवळा चिकट गोळा निघाला, आणि त्यात रुतलेले गेअरचे मोडके दात. सौदागरानं हात वर केले. मोहनराव मरेपर्यंत सांगत राहिले की विलायती लोखंडच कच्चं. मोटारीत कोंबड्या अंडी घालू लागल्या.

मुक्ताबाई त्यानंतर दमणीत बसली नाही. देशमुखांच्या घराघरांतून तिला निलाजरी म्हटलं गेलं, सगळ्यांत मोठ्यानं तिच्या जावेनं, केशरबाईनं. संक्रांतीला मुक्ताबाई सुगडांचं वाण घेऊन ओवसायला देवळात पायी निघाली. वळणावर तिनं मागं पाहिलं, तर नाकापर्यंत पदर ओढून, भिंतीच्या कडेकडेनं केशरबाई येत होती.