एका मॉनिटरची बारी

वाटणीत सगळं झालं. भांडी, पेट्या, म्हशी, अगदी लोणच्याच्या बरण्यासुद्धा इकडं-तिकडं गेल्या. अडलं ते कॉम्प्युटरच्या मॉनिटरवर. तो दोघा भावांनी, माझ्या नवऱ्यानं आणि थोरल्या दिरांनी, मिळून आणलेला, त्यामुळं कुणीच सोडेना. ओसरीवर गावातली चार जाणती माणसं बसली होती. त्यातल्या एकानं चष्मा पुसत विचारलं, "ह्याचे दोन होत न्हाईत का?" मी फिसकन हसले. थोरल्या जाऊबाईंना वाटलं, मी त्यांनाच हसले. झालं, त्या दिवसापासून त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं.

कॉम्प्युटर मात्र आमच्याकडं दोन होते. जाऊबाईंचा जुना. त्यावर त्या लग्नपत्रिका करायच्या, आणि आमचं वालूरच नाही तर आजूबाजूच्या गावांतूनही लोक यायचे. माझा पुण्याच्या एका ऑफिसनं पाठवलेला. लोकांच्या बोलण्याची रेकॉर्डिंगं ऐकायची आणि घरी बसून टाइप करायची, असं काम. ऑफिसनं नुसता सीपीयू धाडला. मॉनिटर, कीबोर्ड, माऊस तुमचं तुम्ही बघा म्हणाले. शेवटी माझ्या नवऱ्यानं परभणीहून साबणाच्या डबीएवढा एक स्विच आणला. दोन्ही कॉम्प्युटरच्या वायरी त्यात गेल्या. वर एक बटण. दाबलं की मॉनिटरवर माझं काम, परत दाबलं की त्यांचं. टेबल ठेवलं मधल्या खोलीत, कारण ती खोली अजून दोघांची होती.

आता बटण कुणी कधी दाबायचं? ह्याला आमच्या घरात नियम तयारच होता, विहिरीचा. शेतातली विहीरही दोघा भावांत एकच आणि पाण्याला बारी, म्हणजे पाळी, लावलेली. बारी संपली की मोटार बंद करायची आणि बांधावरनं हाळी द्यायची, "बारी सुटलीऽ!" पलीकडनं "घेतलीऽ!" असं आलं की मगच जागा सोडायची. चालू मोटार दुसऱ्याच्या हवाली करायची नाही. पाइप फुटला तर कुणाच्या बारीत फुटला म्हणून डोकी फुटायची. तोच कायदा मॉनिटरला लागला. सकाळ माझी, दुपार जाऊबाईंची, संध्याकाळी पुन्हा मी. कित्येक महिने आमच्यात एवढंच बोलणं होतं. त्या म्हणायच्या "सुटली", मी म्हणायची "घेतली". तेही भिंतीकडं बघून!

ह्या नोकरीवर माझं सगळं अवलंबून होतं. मला चाचणीवर ठेवलं होतं. टिकले तर आम्ही इथंच राहणार, नाही तर नवऱ्याच्या मित्रानं पुण्यात खोली बघूनच ठेवली होती. मला जायचं नव्हतं. मला माझं अंगण, माझ्या लेकरांची शाळा, माझं हे भांडखोर घरसुद्धा पाहिजे होतं.

चाचणीचं शेवटचं काम होतं, उन्हाळ्यात, ऐन लग्नसराईत. लय मोठं काम. सकाळी ते संपवलं, पाठवायला लावलं आणि उठले. फाईल जड होती, सेव्ह होऊन जायला वेळ लागणार. एरवी मी माझा कॉम्प्युटर बंद करूनच उठायची, त्या दिवशी म्हटलं जाऊ दे आपली हळूहळू, मॉनिटरवर त्यांचं काम चालू असलं तरी माझा कॉम्प्युटर आतून चालूच असतो की.

दुपार कलली तशी हाळी आली, "बारी सुटली!" मी आत आले आणि बघते तर काय, दोन्ही कॉम्प्युटर गार. बाईनं कामं उरकून भिंतीवरचं मेन बटणच खाली ओढलं होतं. मी चालू केलं, फाईल उघडली. आत नुसते चौकोन. एक अक्षर शिल्लक नाही.

मग माझी जी जीभ सुटली! "तुमाला कुणी सांगितलं बंद करायला? माझी नोकरी घालवायचीच हाय का तुमाला?"

त्या दारात उभ्या. "चालू मोटार सोडून कसं जावं?" एवढंच म्हणाल्या. आणि मग चेहरा एकदम उतरला. "आतून तुझं काम चालू होतं? मला काय ठावं? पडद्यावर तर माझंच हुतं."

मी रडायला लागले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत काम पोचलं नाही तर संपलं होतं सगळं.

विहिरीचा आणखी एक नियम आहे. ज्याच्या हातून दुसऱ्याचं पाणी तुटलं, त्यानं आपली बारी द्यायची, आणि दुसऱ्यानं मागायची वेळ येऊ द्यायची नाही. जाऊबाईंनी खुर्ची माझ्याकडं सरकवली. "बस. उद्याची माझी बारी बी तुझीच. अख्खा दिवस." मी म्हटलं, "ताई, पत्रिका हायत न तुमच्या." तर म्हणाल्या, "लग्नं काय पत्रिकेवाचून राहायलीत का? बस म्हणलं न."

बसले. कानात रेकॉर्डिंग, बोटं कीबोर्डवर. दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर पत्रिकेवाली मंडळी येऊन बसली. जाऊबाई त्यांना चहा पाजत होत्या आणि "मशीन रिकामं न्हाई" म्हणून परत पाठवत होत्या. एक जण तणतणत सेलूला गेला करून घ्यायला. मी ऐकलं सगळं. दुपारी माझी लेकरं त्यांच्या चुलीवर जेवली, वाटणीनंतर पहिल्यांदा. माझ्यापुढंही ताट आलं. भाकरी, ठेचा आणि वर, "आधी खा, मग बडव ते कीबोर्ड."

दिवस मावळायच्या आत फाईल गेली. ती पूर्ण जाईपर्यंत जाऊबाई त्या भिंतीवरच्या बटणापाशी पदर खोचून उभ्या होत्या, कुणाची बिशाद नव्हती जवळ यायची!

नोकरी पक्की झाली. थोड्याच दिवसांत ऑफिसनं माझ्यासाठी नवा मॉनिटर पाठवला, कीबोर्ड-माऊससकट. माझा कॉम्प्युटर माझ्या खोलीत गेला, जाऊबाईंनी त्यांचा जुन्या मॉनिटरसकट त्यांच्या खोलीत नेला. तो स्विच मधल्या खोलीत खिळ्याला लटकला. सगळे म्हणाले, बरं झालं, कटकट गेली.

त्या दिवशी दुपार कलली आणि माझं कामात लक्ष लागेना. कशाची तरी वाट बघायलेय असं वाटत होतं, कशाची ते कळेना. भिंतीपलीकडं कीबोर्डचा आवाज थांबला. खुर्ची सरकली. आणि मग जाऊबाईंनी खणखणीत हाळी दिली, "बारी सुटलीऽ!"

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ह्या बाईमुळं मी आज ह्या घरात आहे, हे तिला मी अजून एकदाही सांगितलं नव्हतं. कसं सांगायचं तेही येत नव्हतं.

"घेतलीऽ!" मी ओरडले, हातातलं काम तसंच टाकलं आणि त्यांच्या खोलीत जाऊन त्यांच्या खुर्चीवर बसले.