खुर्चीवरचा रुमाल

मुरुडच्या बाजारातून परतलो, तो आमच्या दोघांचा शेवटचा प्रवास. गर्दी लई होती. बायकोनं खिडकीतून माझा रुमाल आत टाकून सीट धरली. बसल्यावर म्हणली, "तुमच्यापरीस तुमच्या रुमालाला लोक जास्त मानतात." हसत राहिली.

आमच्या फाट्यावर गाडी थांबली न्हाई. नेहमीचंच. पुढच्या गावाहून पायी माघारी आलो. ती गुडघे दाबत.

त्याच्या आधी बसची पाहणी करणारी एक पोरगी गावात येऊन गेली होती. आमचं म्हणणं तिनं मोबाईलात भरून घेतलं. मी नुसतं हाव हाव केलं. बायको मात्र बोलली. "फाट्यावर गाडी थांबवा. पोरींची शाळा बुडायली."

पुढं ती तापानं गेली.

मग लातूरला बैठकीचं बोलावणं आलं. दोघांच्या नावानं. एकटा गेलो. पुढच्या रांगेत बसलो अन् सवयीनं शेजारच्या खुर्चीवर रुमाल टाकला. टाकल्यावर ध्यानात आलं. उचलू वाटलं न्हाई.

पाहणीचे मोठे साहेब आले. चिमटीत धरून रुमाल माझ्या मांडीवर टाकला. "काका, मागं बसा. ही पाहुण्यांची जागा आहे."

मी म्हणलं, बोलावणं दोघांचं हाय. घरची वारली.

साहेब त्या पोरीकडं वळले. "मग त्यांचं उत्तर काढून टाका. त्या आता प्रवासी नाहीत."

पोरीनं मान खाली घातली. मोबाईलवर बोट फिरवलं. माझ्या डोळ्यांदेखत.

बायको गेली. फाटा तर तिथंच हाय. पोरी तिथंच हायत. तरी मी उठलो, मागं जाऊन बसलो. जन्मभर कुणी ऊठ म्हणलं की उठत आलो.

बैठक संपली. तेच साहेब माझ्यापाशी आले. "काका, पुढं या. फोटोत गावची माणसं पाहिजेत."

"न्हाई येत. तिचं बोलणं पुसलं, आता माझं तोंड कशाला पाहिजे?"

जेवून तरी जा म्हणले. जेवलो न्हाई. रुमाल खांद्यावर टाकला अन् निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या वेळेला फाट्यावर गेलो. पोरींना कडेला उभं केलं. गाडी लांब दिसली तसा रस्त्याच्या मधोमध जाऊन थांबलो. हॉर्न वाजत आला. हललो न्हाई. गाडी करकचून थांबली.

ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं. "मरायचंय का म्हाताऱ्या?"

"न्हाई. पोरींना चढायचंय."

शेवटची पोरगी आत जाईस्तोवर मी गाडीच्या तोंडापुढून सरलो न्हाई. मग बाजूला झालो. मी चढलो न्हाई. मला उद्याबी हितंच उभं राहायचं हाय.